एका सहीसाठी निर्मळला

वसईला जाऊन आलो म्हटले की लोक पहिला प्रश्न विचारतात, किल्ला पाहिला का? पाहिला नाही. समुद्रही पाहिला नाही. त्याचा वारा मात्र दोन दिवस अंगावर घेतला. मी तिकडे हवापालटासाठी गेलो नव्हतो आणि देवदर्शनासाठीही नाही. एका माणसाची सही आणायला गेलो होतो, आणि जाताना जेवढा रागावलेला होतो त्याहून जास्त रागावून परत आलो. तरी हे लिहितो आहे. तो मुलूख पाहण्यासारखा आहे, आणि तिथे जे कळले ते पुण्यात बसून कळले नसते.

भांडणाचे कारण आधी सांगतो. मी पुण्याच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात भास्कर नावाचा एक तरुण मदतनीस म्हणून होता. वसईजवळच्या निर्मळ गावचा. घरचे पानमळे, म्हणजे विड्याच्या पानांच्या बागा. पानवेलीला मर नावाचा रोग लागतो. आज हिरवागार दिसणारा वेल चार दिवसांत मान टाकतो. हा रोग एका मळ्यात पसरतो आणि शेजारच्या मळ्यात का पसरत नाही, याचा भास्करने तीन वर्षे पिच्छा पुरवला. प्रत्येक सुट्टीत तो घरी जाई, वाफ्यावाफ्यातले मेलेले आणि जगलेले वेल मोजी आणि ते आकडे माझ्याकडे आणी. त्यातले खरे काय आणि योगायोग कोणता, हे निवडायचे काम माझे. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष मीच खोडून टाकले, कारण ते तोकड्या मोजणीवर उभे होते. भास्कर रडकुंडीला आला, पण पुढच्या सुट्टीत त्याने सगळे पुन्हा मोजले. अखेर जे निघाले ते पक्के होते. गावकऱ्यांचा आणि सरकारी पत्रकांचा समज असा की विहिरीचे पाणी खारट झाले की मर येते. आमचे आकडे सांगत होते की दोष खारेपणाचा नाही, मुळाशी पाणी साचून राहण्याचा आहे. लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि विभागप्रमुखांकडे वाचायला दिला.

वर्षभराने छापखान्यातून प्रूफ आले. कोष्टके तपासायची म्हणून ते माझ्याकडे पाठवले गेले, नाहीतर मला तेही दिसले नसते. लेखाच्या डोक्यावर चार नावे होती. पहिले आमच्या विभागप्रमुखांचे, मग मुंबईच्या एका प्राध्यापकांचे, मग नागपूरच्या आणि बडोद्याच्या. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, मोजणी आणि आकडेमोड यांतील मदतीबद्दल भास्करचे व माझे आभार मानलेले होते.

मी प्रूफ हातात घेऊन तसाच विभागप्रमुखांकडे गेलो.

"अहो, संशोधन सहकार्यावर चालतं," ते म्हणाले.

"कोणाच्या सहकार्यावर? बडोद्याच्या गृहस्थांनी यात काय केलं?"

"तुम्ही गणिताचे. वनस्पतिशास्त्राच्या लेखावर नाव येऊन तुम्हाला काय मिळणार आहे? उगाच मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतले. ग्रंथालयात बसून या चौघांचे मागले लेख काढले. एका मोठ्या कागदावर प्रत्येक नावाला एक ठिपका दिला आणि ज्यांची नावे एका लेखावर आहेत त्यांच्यात रेघ ओढली. मला वाटले होते, झाडाच्या फांद्यांसारखे काहीतरी दिसेल. गुरू, त्याचे शिष्य, शिष्यांचे शिष्य. निघाले ते वर्तुळ. पुण्याच्या लेखावर मुंबईचे नाव, मुंबईच्या लेखावर नागपूरचे, नागपूरच्या लेखावर बडोद्याचे आणि बडोद्याच्या लेखावर पुन्हा पुण्याचे. रहाटाच्या माळेतली गाडगी जशी एकामागून एक भरून वर येतात तसे हे सर्वजण एकमेकांच्या नावाने भरून वर येत होते. रहाट फिरवणारा बैल मात्र चित्रात कुठेच नव्हता. पूर्वी गोरा साहेब असल्या लेखावर एकटा स्वतःचे नाव घालीत असे. स्वराज्य आल्यावर चौघे घालतात. याला कोणी प्रगती म्हणत असेल तर म्हणो.

त्या नियतकालिकाच्या संपादकांना मी पत्र लिहिले. उत्तर सभ्य आणि थंड आले, ते असे: एकट्याची तक्रार हेव्यापोटी आहे असे समजले जाते. पण ज्यांनी काम केले असे तुम्ही म्हणता त्या दोघांच्याही सह्यांचे पत्र अंक छापायला जाण्यापूर्वी, नव्या वर्षाच्या आरंभी मिळाले, तर छपाई थांबवून चौकशी करू. भास्कर एव्हाना मुंबईच्या एका कॉलेजात हंगामी नोकरीवर लागला होता. त्याला दोन पत्रे घातली. दुसऱ्याचे उत्तर आले: नाताळच्या सुट्टीत मी निर्मळला आहे, आपण वहिनींना घेऊन जरूर या, मळा पाहा. सहीविषयी एक अक्षर नव्हते. माणूस लाजाळू आहे, समक्ष बोलू म्हणत असेल, असे मी धरून चाललो.

"मी येते बरोबर," पत्नी म्हणाली. "तुम्ही एकटे गेलात तर वाटेत आणखी कोणाशी तरी भांडून ठेवाल."

पापडी

वसईच्या स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. एका टांगेवाल्याने आम्हाला नीट न्याहाळून विचारले, "कुठं जायाचं, मास्तर?"

"मी मास्तर आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"छत्री. ऐन थंडीत छत्री घेऊन कोन फिरतो? मास्तर, नाहीतर भटजी. भटजी अशे कपाळाला आठ्या घालून फिरत नाय, त्यांना दक्षिना मिळते."

पत्नी तिथेच हसली आणि टांग्यात चढून बसली, त्यामुळे भाव करण्याची माझी सोय राहिली नाही. टांगेवाल्याचे नाव बस्त्याव. तो पापडीचा. नाताळ दोन दिवसांवर आला होता, म्हणून त्याने घोड्याच्या कपाळावर रंगीत कागदाचे फूल बांधले होते. त्याला घरी एक निरोप द्यायचा होता, तेव्हा आमचा टांगा आधी पापडीत थांबला. घराघरांवर बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगाच्या कागदाचे तारे टांगले होते. बस्त्यावच्या बायकोने आम्हाला न विचारता दोन बशांत रव्याची खुसखुशीत नानकटाई आणि चहा आणून दिला. कोण, कुठले, कोणत्या जातीचे, काही विचारले नाही. आमच्या पेठेत पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याचे आडनाव विचारतात. आडनाव कळले की मग कोणता पेला द्यायचा ते ठरते.

पापडीहून पुढचा रस्ता वाड्यांमधून जातो. वाडी म्हणजे इकडे बाग. दोन्ही बाजूंना केळी, मधून मधून सुपारी, भाजीचे वाफे, शेवंतीचे ताटवे, आणि कुठूनतरी सतत येणारा रहाटाचा करकर आवाज. वळणावळणावर क्रूस आहेत आणि त्यांना ताज्या शेवंतीच्या माळा घातलेल्या असतात. आमच्याकडे अशा वळणावर शेंदूर फासलेला मारुती असतो. वळणावर थांबून हात जोडायची माणसाची खोड दोन्हीकडे एकच. उन्हात पाण्याचे पाट चकाकत होते. माझ्या मनाला जरा थंडावा वाटू लागला होता, तेवढ्यात बस्त्याव म्हणाला,

"निर्मळला कोनाकडे?"

"भास्करकडे. मुंबईला कॉलेजात असतो तो."

"आपला भास्कर! आता मोठा मानूस झाला तो. कायम होनार ना नोकरीत. त्याच्या आत्यानं पेढे वाटले. मलाबी दिला, मी तिच्या पानाच्या करंड्या स्टेशनावर पोचवतो म्हनून."

"कायम? हे केव्हा ठरलं?"

"ते मला काय म्हायती? पेढा खाल्ला, कागद नाय वाचला."

मला हे ठाऊक नव्हते. भास्करने कळवले नव्हते. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि पदर सारखा केला. ती पदर सारखा करते तेव्हा तिच्या मनात माझ्यापेक्षा पुढचा हिशेब झालेला असतो.

निर्मळ

भास्करचे घर मळ्याला लागूनच आहे. आईवडील लहानपणीच गेले. विधवा आत्याने त्याला वाढवले आणि मळाही तीच पाहते. आम्ही पोचलो तेव्हा घरात कोणी नव्हते. मळ्यातून माणसांचा आवाज येत होता, म्हणून मी तिकडे वळलो. पानमळा मी पहिल्यांदाच पाहत होतो. तीन वर्षे ज्या वेलींचे जगणे-मरणे कागदावर मांडले त्या या वेली! आत गारवा, अर्धवट उजेड आणि एक तिखट, ओला वास. उंच आधारांवर वेल चढलेले, आणि पाने अशी तुकतुकीत की जणू कोणी आत्ताच पुसून ठेवली आहेत. मी भारल्यासारखा पुढे गेलो.

"वहाणा! वहाणा काढा आधी! कोण तो माणूस?"

एक उंच, काळीसावळी बाई हातातले वेल सोडून माझ्या अंगावर धावून आली. पानमळ्यात पायताण घालून कोणी जात नाही, देवळात जावे तसे अनवाणी जायचे, हे मला माहीत नव्हते. मी मागे सरकताना पाटात पाय घातला आणि धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. वेलींमागून सात-आठ माणसे हसली. त्यांत भास्कर होता.

"आत्या, अगं हे आमचे पुण्याचे सर!"

"असेनात. पान पायताण ओळखतं, सर ओळखत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन वर्षं भास्कर म्हणतोय, सर मळ्याचं गणित करतात. मला वाटलं, तुम्ही मळा कधीतरी पाहिला असेल."

"नाही, आत्या. आज पहिल्यांदाच."

"मग गणित कशाचं केलंत?"

हे तिने सहज विचारले. मला ते झोंबले. मी बाहेर येऊन वहाणा काढल्या आणि पाटाच्या काठावर बसून तिला उत्तर दिले. भास्करने जे मोजले ते खरोखर रोगामुळे झाले की नुसता योगायोग, हे डोळ्यांना दिसत नाही. ते शोधावे लागते, आणि पहिल्या वर्षी मी ते शोधले नसते तर तुमचा भाचा चुकीची गोष्ट छापून बसला असता. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्यानं वेल मोजले आणि तुम्ही त्याला मोजलंत."

"तसं म्हणा."

"मग झालं की. दोघांचं काम." असे म्हणून ती पुन्हा वेलींत शिरली. चार विद्वानांना जे समजले नव्हते ते तिने एका वाक्यात संपवले आणि वर माझ्या भिजलेल्या धोतराकडे पाहून हसलीही.

त्या दिवशी मळ्यात सावड चालू होती. वाढलेले वेल ओल्या लव्हाळ्याने आधाराला बांधायचे काम होते. शेजारच्या तीन घरांची माणसे आली होती. आज या मळ्यात, उद्या त्यांच्या मळ्यात, मजुरी कोणी कोणाला देत नाही. आपसात ती माणसे जी बोली बोलत होती तिचा एक शब्दही मला धड लागत नव्हता. आमच्याशी बोलताना मात्र सरळ मराठीवर येत. दुपारी सर्वांची पंगत ओसरीवर बसली. मडक्यात शिजवलेली उकडहंडी होती, वालाच्या शेंगा, कंद, रताळी आणि कच्ची केळी यांची, आणि तांदळाच्या मऊ भाकऱ्या. नंतर सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. वरून चामड्यासारखी दिसतात आणि आत मध असतो. पत्नीने कृती विचारून घेतली. आत्या म्हणाली, "कृती घेऊन जाल, पण इथलं ऊन कुठून न्याल?"

जेवण झाल्यावर आत्यानेच विषय काढला. "भास्करच्या लेखाचा कागद आणलाय ना? वाचा की. आमच्या मळ्याबद्दल काय छापलंय ते कळू दे आम्हाला."

मी प्रूफ काढले आणि इंग्रजीचे मराठी करीत वाचू लागलो. पहिला परिच्छेद आमचा नव्हता. तो विभागप्रमुखांनी मागाहून घातला होता, आणि कोष्टकांच्या नादात मी तो नीट वाचलाही नव्हता. "वसई भागातील पानमळ्यांना कालव्याचे पाणी बारमाही मिळते..."

"कशाचं?" एक म्हातारा शेजारी पुढे सरकला.

"कालव्याचं."

"कालवा? इथं?" तो चहूकडे पाहू लागला. "कालवं आम्ही खातो, मास्तर! खडकावरच्या शिंपल्यांतनं काढून आणतात बाया. त्यांनी मळा कसा भिजवायचा?"

ओसरी हसण्याने भरून गेली. आत्या डोळे पुसत म्हणाली, "अरे, चार-चार माणसांनी लिहिलं, आणि एकालाही रहाटाचा आवाज आला नाही?"

त्या क्षणी माझा राग मला नव्याने कळला. तोवर मी नाव चोरले गेले म्हणून रागावलो होतो. आता दिसले की चोरलेली वस्तू काय आहे हे बघायचेही कष्ट या लोकांनी घेतले नव्हते. चौघांतला एक जरी या मळ्याच्या दारात वहाणा काढून उभा राहिला असता तर हा कालवा छापखान्यापर्यंत पोचला नसता. सगळे हसत होते. भास्कर हसत नव्हता.

तळ्याकाठी

निर्मळला जुने देऊळ आहे आणि त्याला लागून मोठे तळे. ऊन कलल्यावर भास्कर आम्हाला तिकडे घेऊन गेला. पत्नी देवळात गेली. मी पायरीवर बसून खिशातून दोन कागद काढले, संपादकांना द्यायचे पत्र आणि माझे ते वर्तुळ. पत्राखाली माझी सही होती; शेजारची जागा मोकळी होती.

भास्करने पत्र बाजूला ठेवले आणि वर्तुळावरून बोट फिरवले.

"बरोबर आहे, सर. फक्त एक ठिपका राहिलाय." त्याने माझ्या खिशातली पेन्सिल घेतली, वर्तुळाच्या बाहेर एक ठिपका काढला आणि त्यापासून मुंबईच्या प्राध्यापकांपर्यंत रेघ ओढली. "हा मी."

"म्हणजे?"

"त्यांचा भातावरच्या करपा रोगाचा लेख येतोय. त्यावर तिसरं नाव माझं आहे."

"तू करप्यावर काय काम केलंस?"

"काही नाही. ते भात मी पाहिलंसुद्धा नाही." तो तळ्याकडे पाहत बोलत होता. "कायम व्हायला छापील लेख लागतो. आपल्या पुण्याच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, पानवेलीचा लेख जाऊ दे, त्या बदल्यात हा घे. हा लवकर येईल, आणि कायम करायच्या समितीवर हे मुंबईचेच आहेत. मी हो म्हटलं."

"केव्हा?"

"उन्हाळ्यात."

म्हणजे मी ग्रंथालयात ठिपके काढीत होतो तेव्हा हा करार होऊन गेलेला होता. ज्याच्यासाठी मी भांडायला निघालो तो आधीच विकून मोकळा झाला होता, आणि मला निर्मळला मळा पाहायला बोलावत होता!

"मग मला कळवायचं नाही?"

"कसं कळवू? लिहायला बसलो दोनदा." मग म्हणाला, "सर, रागावू नका, पण आज तुम्ही मळ्यात पाहिलंत ना? सावडच असते ती. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. साहेबांचंही तेच."

माझा आवाज चढला. तळ्यावर कपडे धूत असलेल्या बायका मान वर करून पाहू लागल्या. "सावडीचं नाव घेऊ नकोस! सावडीला आलेली माणसं सकाळपासून हात चालवत होती. त्या म्हाताऱ्याची बोटं लव्हाळ्यानं कापलेली मी पाहिली. बांधावर उभं राहून 'मी आलो असं म्हणा, उद्या मीही तुम्ही आलात असं म्हणेन' असं सांगणारा त्यांत एक तरी होता का? ही सावड नाही. चौघांनी मिळून एकमेकांच्या खोट्या साक्षी द्यायच्या, हे आहे. आणि आता तू पाचवा."

"तुमची नोकरी कायम आहे, सर."

त्याने हे टोचून म्हटले नाही. वस्तुस्थिती सांगितली. मला दोन मुली आणि एक घर आहे, त्याला एक आत्या आणि एक मळा आहे; माझा पगार उद्याही येणार, त्याचा येईलच असे नाही. ते खरे होते, म्हणूनच माझा राग आणखी वाढला.

"आणखी एक निरोप आहे," तो हळूच म्हणाला. "साहेबांनी तुमच्यासाठीही एक ठेवलाय. कापसावरचा लेख. नागपूरचे करताहेत. दुसरं नाव तुमचं घालायला तयार आहेत."

"मी कापसाचं काय केलंय?"

"काहीच नाही. म्हणून तर."

पत्नी केव्हा येऊन मागे उभी राहिली होती कोण जाणे. "कापूस?" ती म्हणाली. "वाती वळायच्या असतील तर आणू दे हो थोडा. नाहीतर आपल्या घरी काय करायचाय?"

भास्कर खाली मान घालून हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. मी मोकळ्या सहीचा कागद घडी करून खिशात घातला. घरापर्यंत आम्ही तिघे तिघांच्या वाटेने चालावे तसे चाललो.

परत

सकाळी निघताना माझ्या वहाणांतली एकच दारात होती. दुसरी कुत्र्याने नेऊन केळीच्या बुंध्यात फाडून ठेवली होती. भास्करने स्वतःच्या वहाणा आणून पुढे ठेवल्या. मी त्या घालणार नाही म्हणालो. आत्याला आमच्यात काय झाले ते कळले असावे. ती म्हणाली, "राग माणसावर असतो, पायताणावर काय? काटा रुतला की तुम्हालाच दुखेल." मी तरी अनवाणी निघालो आणि फाटकाशी पोचण्याआधीच काटा रुतला. बस्त्यावने टांग्यातून उतरून तो काढला. "काल छत्री होती, वहाना होत्या," तो म्हणाला. "आज नुसती छत्री. आनखी दोन दिवस ऱ्हायला असता तर काय उरलं असतं?"

आत्याने पत्नीच्या ओटीत पाने आणि सुकेळी घातली. भास्कर टांग्याच्या चाकाशी येऊन उभा राहिला. माझ्या मनात रात्रीपासून एक गोष्ट घोळत होती. मी छत्रीच्या मुठीवर कोरा कागद टेकवला आणि तिथेच चार ओळी लिहिल्या: पानवेलीच्या मररोगावरील लेखात आमचे आभार मानले आहेत असे समजते. ते काढून टाकावेत. आमचे आभार मानले जावेत अशी आमची इच्छा नाही. खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे दिला.

"यानं तुझी नोकरी जाणार नाही. तुझं नाव कुठे येत नाहीये. उलट आहे ते जातंय. त्यांनी नावं खाल्ली ती खाल्ली. पण मालकानं चोराच्या पंगतीला बसून पान खाऊ नये, एवढंच."

त्याने कागद दोनदा वाचला. "एवढंच?"

"एवढंच."

त्याने सही केली. अक्षर स्वच्छ होते. मोजणीच्या कागदांवर असायचे तसेच.

"एवढ्यासाठी पुन्यावरनं आलात?" बस्त्याव म्हणाला.

"नाही. जास्तीसाठी आलो होतो," मी म्हणालो.

टांगा हलला तसा भास्कर दोन पावले बरोबर चालला. "सर, तो कालवा? तुम्ही प्रूफ परत पाठवताना खोडणारच. तुमच्यानं चूक राहवत नाही, मला ठाऊक आहे."

माझा स्वभाव त्याला ठाऊक आहे हे खरे. किराण्याच्या पुडीच्या कागदावर छापलेली चूकसुद्धा मी पेन्सिलीने दुरुस्त करतो आणि पत्नी त्यावरून हसते. पुण्याला आल्यावर मी कोष्टके पुन्हा तपासली. सगळी बरोबर होती. शेतकऱ्याने त्यांवर विसंबून मळ्यातले पाणी काढून दिले तर त्याचे नुकसान होणार नाही, याची खात्री करून घेतली. मग लाल पेन्सिल घेऊन पहिल्या परिच्छेदावर आलो. कालव्यावर टोक टेकवले. मग न खोडताच पेन्सिल खाली ठेवली आणि प्रूफ पाकिटात घातले. सोबत ते चार ओळींचे पत्र.

अंक आला आहे. चार नावे आहेत, जशीच्या तशी. आभार नाहीत. विभागप्रमुखांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे, ते मला सोयीचे आहे. कापसाला मी नकार कळवला. भास्कर कायम झाला; त्याचे पत्र आले होते, मी उत्तर दिलेले नाही. त्याला मी माफ केलेले नाही, आणि ज्यांनी एका चांगल्या मोजणाऱ्याला आपल्या माळेतले गाडगे केले त्यांना तर मुळीच नाही.

आता कोणाला वसईकडे जायचे असेल त्याला माझी एक सूचना आहे. किल्ला पाहा, न पाहा. पापडीहून टांगा करून निर्मळला जा. थंडीत गेलात तर उकडहंडी मागून खा. पानमळ्याच्या दारात वहाणा काढून ठेवा, आणि कुत्र्यापासून जपून ठेवा. मग आत जाऊन जो कोणी भेटेल त्याला विचारा, वर्षभर वाहणारा तुमचा कालवा कुठे आहे? तो हसेल. ते हसणे थांबले की त्या लेखाचे लेखक कोण नाहीत, हे तुम्हाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.